विकतचं काही न घालता

आते, तुझ्या दहाव्याला कावळा लगेच शिवला. बाबा पिंड ठेवून मागं सरले न सरले तोच उतरला आणि भाताचा गोळा चोचीत धरून पलीकडच्या पत्र्यावर जाऊन बसला. नदीवर जमलेल्या सगळ्यांनी हात जोडले. "सुटली," म्हणाले. "इच्छा काय राहिलीच न्हवती तिची. तृप्त गेली."

मी सगळ्यांच्या मागं उभी होते आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भिवंडीचा कावळा आहे तो. कारखान्यातल्या लूमचं तेल सांडलेला पावसुद्धा सोडत नाही. त्याला भूक लागली होती, एवढंच सिद्ध झालं. त्यावरून तुझं काही राहिलं नाही असं ठरवायचं?

राहिलं होतं तुझं. एक कप काढा राहिला होता. मी तिथंच ओरडून सांगणार होते, पण बाबांचा चेहरा बघितला आणि गप्प बसले. तू असतीस तर म्हणाली असतीस, आज सूर्य कुठनं उगवला गो. म्हणून इथं लिहिते आहे. लोकांना सांगायचं ते पत्रकात लिहायला मला शिकवलेलं आहे. तुला सांगायचं राहिलं ते कसं लिहायचं, हे कुणी शिकवलं नाही. तेव्हा जसं येईल तसं.

काढा तो काय, असं कुणालाही वाटेल. पातेलंभर पाणी उकळायचं आणि नाक दाबून प्यायचं. पण तुझी अट होती. कांड्या, म्हणजे धोट्यात बसतात त्या सुताच्या काड्या, भरून भरून तुझी बोटं वाकली, कारखान्यानं तुला घरी बसवलं, त्यानंतरची ती संध्याकाळ मला लख्ख आठवते. तू आमच्याकडं आलीस, आईनं केलेला चहा प्यालीस आणि कप खाली ठेवून म्हणालीस, "सगला विकतचा."

"काय विकतचं?" बाबांनी विचारलं.

"आलं विकतचा. गवती चहा विकतचा, तो पन सुकलेला. गावाला, वलला असताना आये दारातनं हात बाहेर काढायची आनि टोपात टाकायची. मना एकदा तसा काढा प्यायचा हाय. सगला माज्या हातचा. विकतचा काय न घालता."

"या वयात आता शेती करशील?"

"वयात न्हाय रे. बादलीत."

आम्ही हसलो. पण मला ते नुसतं हसण्यावारी नेता आलं नाही. कारण वळ गावची आपली ती वाडी, जिथं दारातून हात काढला की आलं मिळायचं, ती आज एका गोदामाच्या फरशीखाली आहे. ती विकायचं ठरलं तेव्हा तुला कुणी विचारलं नव्हतं. बहिणीनं अंगठा द्यायचा, साडी घ्यायची आणि भावाच्या घरी गोड जेवून जायचं, ही आपल्याकडची रीत. तू अंगठा दिलास. माझ्याच बापाला दिलास. मी यावरून घरात भांडले तेव्हा मला गप्प कुणी केलं? तूच. "माज्या भावाला कनाला बोलतेस?" तुझ्या बाजूनं भांडायचं तर आधी तुझ्याशी भांडावं लागायचं. हे शेवटपर्यंत तसंच राहिलं.

तुझ्या इमारतीच्या गच्चीवर तू सुरुवात केलीस ती लूमच्या वस्तीतली, नारपोलीची बाईच करू जाणे अशी. सुताला लावायची खळ ज्यात येते तो मोठा निळा ड्रम, कानतुटक्या बादल्या, रंगाचे डबे. इथवर ठीक. पण ऊन फार, माती सुकते, म्हणून तू कुंड्यांवर कारखान्यातला कापसाचा भुरा पसरलास. लूमखाली साचतो तो, मऊ, पांढरा. प्रत्येक कुंडीला गोधडी पांघरल्यासारखं दिसत होतं, आणि तू कमरेवर हात ठेवून बघत होतीस, जशी काही पोरंच निजवलीस. त्या भुऱ्यात मशीनचं तेल मुरलेलं असतं, हे जिनं जन्मभर तो भुरा झाडला तिच्याच ध्यानात आलं नाही. तुळस मान टाकून बसली. पुदिना मात्र निगरगट्ट, तो वाढला. त्याची चटणी तू मोठ्या तोऱ्यात खैरून चाचींना नेऊन दिलीस. खालच्या मजल्यावरच्या चाची, जुन्या कोकणी मुसलमान घरातल्या, जिभेला हाड नसलेल्या. त्यांनी एक बोट चाटलं आणि म्हणाल्या, "अगो, ही भाकरीला लावू की मशीनला?"

तू हसलीस. इतकी हसलीस की खोकला लागला, आणि तो खोकला काही थांबेना. चाचींनी पाणी आणलं, मी पाठ चोळली. चाचींच्या दारातली ती दुपार मला आठवते, कारण आपलं खरं भांडण तिथं सुरू झालं.

मी तेव्हा फुफ्फुसात जाणाऱ्या कापसावर पत्रक काढत होते. कारखान्यांच्या दारात उभी राहून वाटत होते. घरी येऊन तुला म्हणाले, "आते, हा खोकला तुझ्या एकटीचा नाही. तुझ्याबरोबर कांड्या भरायला बसायच्या त्या बायकांना विचार. हा कारखान्याचा खोकला आहे. त्याचं उत्तर बादलीत नसतं."

"बादलीत अडुळसा हाय. उत्तर कुठं लावलाय मी?"

"चेष्टा नको. मालकांनी तपासणी करायला पाहिजे. मास्क द्यायला पाहिजेत, हवा खेळती ठेवायला पाहिजे. हे सगळ्यांनी मिळून मागायचं असतं. तू आपली घरात काढा करून पितेस, म्हणजे त्यांना सोडून देतेस."

"मी काढा प्याले तर मालकाला बरा वाटतो?"

"हो!"

"मंग त्यालाच पाजते. सारका शिंकत असतो."

पण आज तू उलट बोलू शकत नाहीस, म्हणून मी माघार घेणार नाही. मी बरोबरच बोलत होते. आजार कारखान्यात घ्यायचा आणि तो बरा करायची जबाबदारी म्हातारीच्या बादलीवर, हा सरळसरळ अन्याय आहे. बाजारात जो तो सांगतो, तुळस खा, ओवा खा, प्रतिकारशक्ती वाढवा. कापूस कमी करा असं कुणी सांगत नाही. हे मी तुला सांगितलं, पन्नासदा सांगितलं असेल. विचारलं मात्र एकदाही नाही की तुला काढा खोकल्यासाठीच हवा आहे का. आता वाटतं, खोकल्याचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. जन्मभर तू दुसऱ्यांच्या कापडासाठी सूत भरलंस. ते कापड कुठं गेलं, कुणी नेसलं, तुला माहीत नाही. मातीपासून कपापर्यंत दिसेल असं एक काहीतरी तुला हवं होतं. हे मी आत्ता, लिहिताना, तुझ्या वतीनं बोलते आहे. तू म्हणशील, लई बोलतेस.

वज्रेश्वरीचा दिवस मी कुणाला देणार नाही, तो माझा आहे.

भुरा काढल्यावर गच्ची सावरली. गवती चहा लागला, नवी तुळस लागली, ओवा तर माजलाच. आलं तेवढं येईना. बाजारातलं लावलंस ते कुजलं. तेव्हा पावसाच्या तोंडावर तू म्हणालीस, देवीला जाऊ आनि लावायचा आलं आनू. मी आले, पण पिशवीत पत्रकांचा गठ्ठा घेऊन. तू दर्शनाच्या रांगेत, मी पायऱ्यांवर. रांगेतल्या बायका तुला विचारत होत्या, ती पोरगी काय वाटते? तू म्हणालीस, "काय म्हाईत. माजी न्हाय ती." मला ऐकू आलं ते.

परतताना रस्त्याकडेला डोंगरातल्या पाड्यावरची एक बाई करवंदं आणि कंद घेऊन बसली होती. तिच्याकडं कोंब फुटलेलं आलं होतं. ती म्हणाली, "कुठं लावशील?"

"गच्चीवर."

"गच्ची म्हंजे?"

"घराच्या डोक्यावर."

"डोक्यावर आलं लावतंय!" ती तोंडाला पदर लावून हसली. तूही हसलीस. मग ते कोंब तू माझ्याच पत्रकात गुंडाळलेस. मी चिडले, "वाचून तरी बघ आधी."

"वाचला. कागद चांगला हाय."

गरम पाण्याच्या कुंडाशी आपण पाय सोडून बसलो. तुझ्या पायांना भेगा, माझ्या पायांना नवीन चपलेचे फोड. पाणी इतकं कढत की दोघी सारखे पाय वर घ्यायचो. तू म्हणालीस, "दिवालीनंतर पाला पिवला पडल. मंग काढायचा. मंग तू ये. पयला कप तुला."

"आणि तुला?"

"मी टोप चाटते."

मी त्या दिवशी एकदाही भांडले नाही. बसमध्ये तुला झोप लागली तेव्हा तुझं डोकं माझ्या खांद्यावर होतं आणि आल्याची पुडी तुझ्या मुठीत.

पावसात आलं वाढलं. निळ्या ड्रममध्ये हिरवेगार भाले उभे राहिले. तू रोज वर चढायचीस, प्रत्येक मजल्यावर थांबून दम खायचीस, पण चढायचीस. आणि दिवाळी तोंडावर आली असताना इमारतीच्या मालकानं गच्चीवर पत्र्याच्या खोल्या काढायचं ठरवलं. लूमवर काम करणाऱ्या परगावच्या माणसांना भाड्यानं द्यायला. परवानगी नाही, भाडेकरूंना विचारणं नाही. "गच्ची रिकामी करा," एवढा निरोप.

मी तक्रार लिहिली. ती अजून कुणाच्या तरी टेबलावर आहे. त्याआधीच मुकादम माणसं घेऊन आला, संध्याकाळी. मी जिन्याच्या तोंडाशी आडवी उभी राहिले. नियम सांगितले, परवानगी मागितली, "कागद दाखवा" म्हणून घसा ताणून ओरडले. तो शांतपणे म्हणाला, "दीदी, कागज सेठ के पास है. मेरे पास हथौड़ा है."

तेवढ्यात तू वर आलीस, तुळशीचा दिवा घेऊन. दिवा ठेवलास, हात जोडलेस आणि त्याच्याकडं वळून म्हणालीस, "भाऊ, दिवा लागला. आता हात नका लावू. झाडां झोपली."

आणि तो थांबला. हातोडा खाली ठेवला त्यानं. "हाँ अम्मा," म्हणाला, "हमारे गाँव में भी शाम को पत्ता नहीं तोड़ते."

"सकाली या. सकाली उचला."

त्यानं मालकाला फोन लावला. पलीकडून शिव्यांचा पाऊस पडला, तो आम्हालाही ऐकू येत होता. त्यानं ऐकून घेतल्या, फोन खिशात टाकला आणि माणसं घेऊन निघून गेला.

मी वेडी झाले आनंदानं. मला वाटलं, तू डाव टाकलास. काय डाव! माझे सगळे नियम फुकट गेले आणि तुझ्या एका वाक्यानं रात्रभराची मुदत मिळाली. मी तुला मिठी मारली, आठवतं? तू अवघडून उभी होतीस. माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही. तो डाव नव्हताच. तुला खरंच वाटत होतं की झाडं झोपली आहेत.

सकाळी मी गच्चीवर माणसं बसवली. इमारतीतल्या बायका, पत्रकं वाटणाऱ्या आमच्या गटातली मुलं-मुली, मध्ये तुझ्या कुंड्या, समोर फलक. खैरून चाची घरातनं खुर्ची घेऊन आल्या, "मांडी घालून क्रांती मला जमणार नाय," म्हणाल्या. मुकादम आला, आम्हाला बघितलं आणि जिन्यातच थबकला. कुणाच्या अंगावर हात टाकायची त्याची हिंमत नव्हती, आणि त्याला तसं करायचंही नव्हतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. आम्ही जिंकत होतो, आते. खरंच जिंकत होतो.

तू चहाची किटली घेऊन वर आलीस. पहिला कप मुकादमाला दिलास. आणि म्हणालीस, "उठली झाडां. उचला."

"आते!"

"सांगितला होता ना त्याला, सकाली उचल म्हनून."

आणि तुळस तू स्वतः उचललीस. जिच्या कुंड्या तीच उचलते म्हटल्यावर बाकीच्या बसून काय करणार? एकेक बाई पदर झटकत उठली. चाचींनी खुर्ची मिटली. आमच्या मुलांनी फलकाची गुंडाळी केली आणि माझ्याकडं बघायचं टाळलं. निळा ड्रम जिन्याच्या वळणावर अडला. मग त्यातली माती दोन डब्यांत ओतली गेली. आल्याच्या मुळ्या तुटताना तू बघत होतीस. मी तुझ्याकडं बघत होते.

जिन्यात मी तुला गाठलं. "सगळ्यांसमोर तोंडघशी पाडलंस मला."

"तो मानूस माज्या शब्दावर परत गेला. शिव्या खाल्ल्या त्यानं."

"तो मालकाचा माणूस आहे!"

"असल. शब्द मी त्याला दिला." मग कठड्याला धरून उभी राहिलीस. "आनि ती पोरां लूमच्या बाजूला झोपतात, बाय. एक उठला का दुसरा त्याच्याच चटईवर. मशीन डोक्याशी धडधडते. त्यांना जागा नको?"

"म्हणून तुझी गच्ची? मालकाच्या इमारती बघ किती आहेत! आणि या खोल्या म्हणजे काय राजवाडे आहेत? उन्हाळ्यात भट्टी होणार त्यांची. त्यानं तुझ्यासमोर दोन गोष्टी ठेवल्या, तुझी झाडं नाहीतर त्यांची झोप, आणि तू लगेच एक सोडून दिलीस! निवडायचंच कशाला?"

"मंग काय करायचा?"

"भांडायचं! दोन्हीसाठी!"

तू माझ्याकडं बघितलंस. रागानं नाही. म्हणालीस, "दम लागलाय मना. उद्या भांडू."

उद्या मी आले नाही. परवाही नाही. कुंड्या तुझ्या खोलीबाहेरच्या बोळात गेल्या, जिथं दिवसाही बल्ब लावावा लागतो. ओवा काटकुळा होत गेला, हे मला आईकडून कळत होतं. एकदा तुझा फोन आला. "ये गो. भांडायला तरी ये."

"बैठक आहे, आते. झाली की येते."

बैठका काय, होतच राहतात.

मग थंडी पडली, धूर खाली उतरला आणि तुला दवाखान्यात न्यावं लागलं. तिथं तुझ्या तोंडावर मास्क होता. जन्मभर जो कारखान्यानं दिला नाही तो शेवटी दवाखान्यानं दिला. मला हे वाक्य तिथंच सुचलं, तुझ्या खाटेशी, पत्रकासाठी, आणि मला माझीच शिसारी आली. तुला बोलता येत नव्हतं. मी बडबडत होते. खाट मिळवायला कुणाशी भांडले ते सांगत होते. माफी मागितली नाही, कारण माझं चुकलंय असं मला वाटत नव्हतं. आजही वाटत नाही. पण "बरी हो, अजून भांडायचंय" एवढं म्हणायला काय झालं होतं? हात तर धरलेला होता. तेवढंच वाक्य नाही आलं, बाकी सगळी आली.

बाराव्याचं जेवण झाल्यावर खैरून चाचींनी मला मनगटाला धरून बसवलं. "तुला आल्याचं माहीत आहे काय गो?"

मला काहीच माहीत नव्हतं.

"दिवाळीनंतर तुझ्या आतेनं डबे उकरले. आत दोऱ्यासारखी मुळं, बाकी काय नाय. माती परत सारखी केली. मला बघवलं नाय. मी बाजारातनं चांगलं जाडं आलं आणलं आणि ती न्हाणीत गेली तेव्हा डब्यात पुरून आले. म्हटलं, सापडेल, खूश होईल, काढा करून पिईल, किस्सा खतम."

"मग?"

"मग काय! दुसऱ्या दिवशी माझ्या दारात उभी. हातात आलं. म्हणे, 'खैरून, जमिनीत वाढलेला आलं असा आंघोल करून येतो काय?' मी धुतलेलं पुरलं होतं ना! असा हसलो आम्ही दोघी, विचारू नको. मग मी म्हटलं, अगो, झालं ते झालं, आता घाल ते काढ्यात. कोण बघतंय?"

"काय म्हणाली?"

"म्हणाली, 'मी बघते ना.'"

चाचींनी ओढणीनं डोळे पुसले. मग म्हणाल्या, "तेच आलं तोडून परत लावलं तिनं. मी म्हटलं, आता लावून कधी यायचं ते? तर म्हणे, 'पावसाला हाय ना पुढं.'"

पावसाला हाय ना पुढं. छाती वाजत होती तुझी, जिना चढवत नव्हता, बोळात ऊन नाही, आणि बाजारातलं आलं एकदा कुजलेलं तुला माहीत होतं. तरी तू पहिल्यापासून सुरुवात केलीस. आणि मी, जी जगाला सांगत हिंडते की हार मानू नका, मी तुला हार मानलेली बाई समजून घरी बसले होते. हे मला चाचींकडून कळावं? दिवसाढवळ्या तुझ्या दारात येऊन बघायला मला कुणी अडवलं होतं?

काल बोळात जाऊन मी ते डबे बघितले. एकात एक कोंब आलाय. पांढरट, लांबुडका, उजेड न बघितलेला. बोळात राहिला तर जाणार. ऊन फक्त वर आहे, आणि वर त्या खोल्या आहेत. त्या पाडल्याशिवाय गच्चीवर पाय ठेवणार नाही, असं मी चारचौघांत बोललेले आहे. तिथं जाऊन जागा मागायची म्हणजे त्या खोल्यांना मान्यता द्यायची. कितीतरी वेळ मी दोन्ही डबे कडेवर घेऊन जिन्यात उभी होते. निवडायचंच कशाला, हे तुला ओरडून विचारलं तोच जिना. मला एकही घोषणा आठवेना.

मग गेले वर. तुला सांगायला हवं, त्या खोल्यांना खिडक्या नाहीत. एकही नाही. हिवाळा आत्ता कुठं सरलाय, तरी आत उभं राहवत नाही. त्याचं पत्रक मी लिहायला घेतलंय, कामगारांच्या सह्या घेणार आहे, त्यात माघार नाही. पण काल मी त्यासाठी गेले नव्हते. दिनेश म्हणून एक लूमवाला शिफ्ट संपवून कणीक मळत बसला होता. मी मनात लांबलचक भाषण जुळवून गेले होते. हक्क, गच्ची सगळ्यांची, वगैरे. तोंडातून एवढंच निघालं, "भैया, ये डिब्बे यहाँ रख सकती हूँ?"

"रखो ना दीदी." त्यानं कणकेच्या हातानं पाण्याच्या टाकीकडं दाखवलं. "उधर रखो, टंकी के बाजू में. दिन भर धूप रहती है. हमारा कुछ नहीं रहता उधर."

मी डबे ठेवले. तो बघत होता. म्हणाला, "ये उन अम्मा के हैं क्या? जो नीचे रहती थीं?"

मी मान हलवली.

"तो उसी दिन यहीं छोड़ देतीं," तो म्हणाला. "मुकादम बोला था, टंकी के बाजू में तो सेठ को भी कुछ बनाना नहीं था. बोल देतीं बस."

आते, तो कोपरा रिकामाच होता. तुझा निळा ड्रम तिथं बसला असता, मातीसकट, मुळांसकट. मी सगळी गच्ची मागत होते. तू काहीच मागत नव्हतीस. एवढासा कोपरा मागायचं आपल्या दोघींपैकी एकीलाही सुचलं नाही.